मदत हवी आहे: तुटून दुसऱ्या देशात गेलेली जमीन कोणाची?

खडूफळा:
उद्या सकाळी पहिलाच तास आहे, त्याआधी उत्तर हवंय. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "एका देशाचा तुकडा तुटून तरंगत दुसऱ्या देशाला लागला तर तो कोणाचा?" मी "बघून सांगते" म्हटलं, त्याला दोन आठवडे झाले. ती दर तासाला आठवण करते. मला सरळ उत्तर हवंय, लिंका नकोत.

नकाशावेडा:
नदीतून गेला की समुद्रातून? माती, खडक की गवताचं बेट? आणि कोणाचा म्हणजे शेतमालकाचा की देशाचा?

खडूफळा:
देशाचाच. तुकडा म्हटलं ना.

जुनावकील:
बाई, नकाशावेडा यांचा प्रश्न बरोबर आहे, सगळं त्यावरच ठरतं. नदीपुरता नियम फार जुना आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या रोमन कायद्यात लिहिलंय की प्रवाहाने तुमच्या जमिनीचा तुकडा तोडून शेजाऱ्याच्या जमिनीला लावला, तर तो तुमचाच राहतो. पण तो तिथेच बरीच वर्षं राहिला आणि त्यावरच्या झाडांची मुळं शेजाऱ्याच्या जमिनीत गेली, की त्याचा होतो. आपल्याकडे १८२५ च्या बंगाल रेग्युलेशन ११ या कायद्यात हेच तत्त्व आहे. गाळ हळूहळू साचून जमीन वाढली तर ती काठाच्या मालकाची. नदीने एकदम मोठा तुकडा तोडला आणि तो ओळखता येत असेल, तर मूळ मालकाचाच.

भीमाकाठ:
वकीलसाहेब, आमचं हेच झालंय. आजोबांच्या वेळच्या पुरात नदीनं वाट बदलली आणि आमचं वावर पलीकडं कर्नाटकात गेलं. बांधावरचं लिंबाचं झाड अजून इथून दिसतं. सातबारा आमच्या नावावर, नांगर त्यांचा.

खडूफळा:
दादा, वाईट वाटलं, पण ते राज्य झालं. माझा प्रश्न देशांचा आहे.

जुनावकील:
देशांचंही उदाहरण आहे. अमेरिका आणि मेक्सिकोची हद्द रिओ ग्रांदे नदीतून जाते. १८६४ च्या पुरानंतर पात्र दक्षिणेकडे सरकलं आणि चामिझाल नावाचा मेक्सिकोचा भाग अमेरिकेतल्या एल पासोच्या बाजूला आला. पात्र हळूहळू सरकलं तर हद्द सरकते, अचानक सरकलं तर जागची हलत नाही, असं दोघांनी १८८४ मध्ये मान्य केलं. तरी वाद मिटेना. १९११ चा लवादाचा निकाल अमेरिकेने नाकारला. शेवटी १९६३ च्या तहाने बराचसा भाग मेक्सिकोला परत मिळाला आणि नदीला सिमेंटचं पात्र बांधून दिलं. त्यापायी एल पासोतल्या सुमारे ५ हजार लोकांना घरं सोडावी लागली.

सह्यकडा:
मुलीला सांगा, आपला अख्खा देशच गोंडवन या प्राचीन महाखंडातून तुटून इथवर आलाय. भारतीय भूपट्ट अजूनही वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर सरकतोय.

नकाशावेडा:
तेव्हा देशच नव्हते, सह्यकडा. उगाच गोंधळ वाढवू नका.

मणिपूरफेरी:
मणिपूरच्या लोकटक सरोवरातल्या फुमदी बघाच! गवत, मुळं, माती यांची तरंगती जमीन. केइबुल लामजाओ उद्यान त्यावरच आहे, सांगाई हरणं तिथली. फेब्रुवारीत जा.

खडूफळा:
अहो, बर्फ! तिने मोबाइलवर ग्रीनलँडचा बर्फ तुटताना पाहिला होता. मला वाटलं, तरंगत म्हटल्यावर कळेल.

जुनावकील:
पहिल्याच ओळीत सांगायचं ना, बाई. मी चामिझाल टंकत बसलो.

टोरोंटोकर:
मग माझं ऐका, हा आमच्या दारातला विषय आहे. ५ ऑगस्ट २०१० ला ग्रीनलँडच्या पीटरमन हिमनदीचा सुमारे २६० चौरस किलोमीटरचा तुकडा तुटला. वाटेत त्याचे तुकडे झाले, एक २०११ मध्ये कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्याजवळ आला. तो ग्रीनलँडने परत मागावा असं कोणाच्या मनातही येत नाही. न्यूफाउंडलँडला तर ग्रीनलँडहून आलेले हिमनग दर वसंतात असतात, आणि त्यांचा बर्फ धंद्यासाठी काढायचा तर परवाना तिथलं प्रांत सरकार देतं. सेंट जॉन्सला एका कोळ्याने मला असा तुकडा हातात दिला होता. काचेसारखा स्वच्छ, आणि वितळताना आतली हवा तडतड फुटत होती. ज्याच्या पाण्यात आला त्याचा, विषय संपला.

नकाशावेडा:
संपला कसा? १९७० मध्ये टी-३ या तरंगत्या हिमबेटावरच्या अमेरिकी तळावर एकाच्या गोळीने दुसरा मेला. बेट एल्समीअर बेटाच्या हिमपट्ट्यातून तुटलेलं, म्हणजे मूळ कॅनडाचं, माणसं अमेरिकेची, जागा आर्क्टिकच्या खुल्या, म्हणजे कुठल्याच देशाच्या नसलेल्या समुद्रातली. कॅनडाने हक्क पुढे केला नाही म्हणून अमेरिकेत खटला चालला. अपिलात १९७२ मध्ये, हा खटला आपल्या अधिकारात येतो का यावर न्यायाधीशांची मतं समसमान पडली.

टोरोंटोकर:
ते खुल्या समुद्रातलं. मी किनाऱ्याजवळचं बोलतोय.

जुनावकील:
दोघंही बरोबर आहात. बाई, असं सांगा: समुद्रकायद्याच्या १९८२ च्या करारात बेट म्हणजे भरतीतही पाण्यावर राहणारा नैसर्गिक भूभाग. बर्फ हा भूभाग नाही, म्हणून देशाची हद्द त्याच्याबरोबर वाहत जात नाही.

खडूफळा:
हे चालेल. मुळांचा नियमही सांगते, तो तिला आवडेल. सगळ्यांचे मनापासून आभार.

भीमाकाठ:
वकीलसाहेब, पात्र एका रात्रीत बदललं हे आता सिद्ध कसं करायचं? बघणारं माणूस कुणी राहिलं नाही.

जुनावकील:
भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा जुना मोजणी नकाशा काढा, पुराआधीचा आणि नंतरचा. लिंबाचं झाड कोणत्या बांधावर होतं तेही लिहून ठेवा. वेगळा धागा काढा, मी येतो.