पक्षी टिपण्यासाठी पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

प्रश्न:
गेल्या हिवाळ्यात भिगवणला उजनी जलाशयात होडीतून रोहित पक्ष्यांचा थवा पाहिला. मोबाईलमध्ये मात्र गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही उमटले नाही. निकॉन पी९५०सारखा ८३ पट झूमचा कॅमेरा घ्यावा, की लेन्स बदलता येणारा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
पी९५०चा पल्ला ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबात २००० मिमीपर्यंत जातो हे खरे, पण त्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) अनेक नव्या मोबाईलच्या मुख्य सेन्सरहूनही लहान असल्यामुळे पहाटेच्या अंधूक उजेडात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला की पिसांचे बारकावे पुसले जातात. फांदीवर निवांत बसलेल्या खंड्यासाठी तो उत्तम. तोच खंड्या सूर मारू लागला की फोकस मागे पडतो. माझ्या मते एपीएस-सी, म्हणजे पी९५०हून बऱ्याच मोठ्या सेन्सरची वापरलेली बॉडी (लेन्सविना कॅमेरा) घ्यावी आणि वाचलेले पैसे लेन्समध्ये घालावेत. अशा निकॉन बॉडीवर ५०० मिमीची लेन्स ७५० मिमीइतकी जवळीक देते.

उत्तर २:
सहमत आहे, मात्र वजनाचा विचार आधी करावा. निकॉनची २००-५०० मिमीची लेन्स सुमारे २.३ किलोची आहे. ती तासभर हातात धरल्यावर माझे मनगट थरथरू लागले होते, आणि तिपाईचा उपयोग नव्हता, कारण होडीच डोलत होती. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आधी तीच लेन्स भाड्याने घेऊन एक रविवार भिगवणला काढतो.