चिंतेच्या त्रासावर मालिशचा उपयोग होतो का?

प्रश्न (सातपूर, नाशिक): कारखान्यातील पाळ्या बदलू लागल्यापासून मला रात्री धडधडते, खांदे ताठरतात आणि काहीतरी वाईट घडेल असे वाटत राहते. तपासण्या करून डॉक्टरांनी हा चिंतेचा त्रास असल्याचे सांगितले आहे. मालिशने फरक पडेल काय?

उत्तर (पंचवटी): पडतो, पण मर्यादित. संथ मालिशने स्नायू सैलावतात व नाडी मंदावते; मात्र २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ६८ रुग्णांवरील एका अमेरिकी अभ्यासात मालिश घेणाऱ्यांना जितका आराम पडला, जवळपास तितकाच शांत खोलीत संगीत ऐकत पडून राहणाऱ्यांनाही पडला होता. तेव्हा महागडी पॅकेजे घेण्याची घाई करू नये.

उत्तर (गंगापूर रोड): माझ्या सासूबाई निजताना कोमट तिळाच्या तेलाने तळपाय चोळतात, ज्याला आयुर्वेदात पादाभ्यंग म्हणतात, मीही ते सुरू केले आणि झोप सुधारली. तेल पुसूनच उठावे, मी एकदा फरशीवर घसरलेच होते.

उत्तर (नाशिकरोड): रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास किंवा पायात गुठळी झालेली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करून घेऊ नये. समुपदेशनही टाळू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आज रात्रपाळी नाही, तेव्हा तेलापासूनच सुरुवात करतो आणि उद्या फोन लावतो.