रेणूंच्या ‘सर्किट’ला परिपथ म्हणावं का?

शेवंती: बारावीच्या मुलांसाठी एक लेख मराठीत आणतेय. विषय आहे डीएनएच्या तुकड्यांनी एंझाइम चालू-बंद करणं. थ्रॉम्बिन या एंझाइममुळे रक्त गोठतं. १९९२ साली १५ अक्षरांचा एक डीएनए सापडला. तो थ्रॉम्बिनला असा बिलगतो की फायब्रिनोजेनला, म्हणजे ज्यापासून गुठळी बनते त्या प्रथिनाला, जागाच उरत नाही, आणि रक्त पातळ राहतं. त्या डीएनएच्या जोडीचा धागा सोडला की तो धागा डीएनएला ओढून घेतो, थ्रॉम्बिन मोकळं. हा धागा कधी सुटायचा ते आधीचे धागे ठरवतात, म्हणजे अमुक आणि तमुक दोन्ही आले तरच. या साऱ्याला ‘सर्किट’ म्हणतात. मी ‘परिपथ’ लिहिलं, संपादकांनी ‘मंडल’ केलं. मला दोन्ही खटकतात. इथे फिरून परत काहीच येत नाही.

खडूफळा: परिपथच ठेवा. मुलं शाळेत विद्युत परिपथ शिकूनच येतात. ‘मंडल’ विश्वकोशात आहे, पण आज ते महसुलाचं वाटतं.

बांधावरून: आम्ही शेतात दारं धरतो. वाफा भरला की फावड्याने त्याचं तोंड लिंपायचं, पुढच्याचं फोडायचं. पाणी परत येत नाही, पण कुठे जायचं ते दारं ठरवतात. ‘दोन्ही आले तरच’ असं ठरवणाऱ्या लॉजिक गेटला ‘तर्कद्वार’ म्हणता, तर सर्किटला ‘पाट’ का नको?

सागरगोटा: आमच्या कोकणात पाट म्हणजे जेवायला बसायचा. शिवाय २०११ साली अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये चियान आणि विनफ्री या संशोधकांनी डीएनएच्या १३० धाग्यांनी वर्गमूळ काढलं. त्याला पाट म्हणणार?

बांधावरून: का नाही? धरणाच्या पाटालाही चाऱ्या-पोटचाऱ्या असतातच.

शेवंती: आणि ‘टोहोल्ड’? जोडीतून सुटी राहिलेली ५ ते ८ अक्षरं. नवा धागा आधी तिथे चिकटतो, मग एकेक अक्षर पुढे सरकत जुन्याला हुसकावतो. संपादक म्हणतात ‘पादाधार’.

कातळवाट: ‘खोबणी’! हरिहर गडाच्या पायऱ्यांना हात रोवायला खोबण्या आहेत. बोटं आत गेली की मगच पुढचं पाऊल उचलवतं.

खडूफळा: खोबणी म्हणजे खळगा. इथे तर टोक बाहेर लोंबतंय.

सागरगोटा: ‘धागा’ही बदला. आजी वेणी घालताना म्हणायची, “हा पेड ढिला राहिला.” डीएनए दुपेडीच तर आहे.

शेवंती: पेड घेतला! हाच शब्द हवा होता.

मूळधातू: सगळे ‘एंझाइम’ कसं चालवून घेता? ‘वितंचक’ आहे ना. संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण. ‘तंच्’मध्ये थिजणं आहे. थ्रॉम्बिनला याहून नेमका शब्द कुठला?

खडूफळा: थ्रॉम्बिनला ठीक. पण लाळेतलं एंझाइम काही थिजवत नाही, ते स्टार्च फोडतं. पाठ्यपुस्तकातलं ‘विकर’ बरं.

मूळधातू: मग एंझाइममध्येही ग्रीक ‘झाइम’, म्हणजे खमीर, आहे. तिथे कुणी हरकत घेत नाही.

कातळवाट: रक्त ‘गोठतं’ कशाला? आमच्याकडे साकळतं.

रातपाळी: नाही हो. वॉर्डात रोज पाहते. नळीत गुठळी झाली तर गोठलं. दारात बोट चेमटून नखाखाली काळंनिळं झालं तर साकळलं.

कातळवाट: आमची आई दोन्हीला साकळलंच म्हणते. काहिलीतला पाक थिजला तरी.

बांधावरून: पाकाला? तो कुठला भाग तुमचा?