अमेरिकेतलं ओहायो राज्य, २०११ : सरकारी नोकरांच्या संपाचा फैसला मतपेटीत व्हावा का?

कोलंबसकर : मार्च २०११ मध्ये गव्हर्नर जॉन केसिक यांनी 'सिनेट बिल ५'वर सही केली. शिक्षक, पोलीस, अग्निशमन जवान धरून सुमारे ३.५ लाख सरकारी कर्मचाऱ्यांच्या, युनियनमार्फत पगार-अटींवर एकत्र वाटाघाटी करण्याच्या हक्काला कात्री लागली, संप तर सगळ्यांनाच बंद. युनियननी जनमतासाठी सह्या गोळा केल्या. लागत होत्या साधारण २.३ लाख, दिल्या जवळपास १३ लाख! ८ नोव्हेंबरला 'इश्यू २', म्हणजे हा कायदा ठेवायचा का हा प्रश्न, मतदानाला आला आणि सुमारे ६१ टक्के मतदारांनी कायदा फेटाळला. योग्यच केलं. पोलीस आणि अग्निशमनवाल्यांना संपाची मनाई आधीपासूनच होती, पण त्या बदल्यात लवाद (वाद मिटवणारा तटस्थ तिसरा) होता आणि त्याचा निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक. नव्या कायद्याने तोही काढून घेतला. बोलणी फिसकटली की नगर परिषद स्वतःचाच प्रस्ताव मंजूर करणार. मग वाटाघाटीला बसायचं तरी कशाला?

हिशेबी : असहमत. लवाद पगारवाढ देऊन निघून जातो, पैसे उभे करतो करदाता. कायदा कर्मचाऱ्यांना म्हणत होता, आरोग्य विम्याच्या हप्त्यातला किमान १५ टक्के वाटा उचला. यात काय जुलूम होता? खासगी नोकरीत माझा त्याहून जास्त कापला जातो. शिवाय मतपत्रिकेवर फक्त हो किंवा नाही. १५ टक्के मान्य पण लवादही हवा, अशा मतदाराने काय करायचं? असे कायदे विधिमंडळातच कलमवार व्हावेत.

कोलंबसकर : विधिमंडळातच तर झाला होता! सिनेटमध्ये १७ विरुद्ध १६, केसिक यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सहा जण विरोधात. एका मताने काढलेला हक्क लोकांनी परत मिळवू नये?

शाळामास्तरीण : संपबंदी ओहायोला नवी नाही. १९४७च्या फर्ग्युसन कायद्याने सरकारी संप बंदच होते, तरी १९७८ मध्ये क्लीव्हलंडच्या शिक्षकांनी संप केलाच. १९८३च्या कायद्याने संपाची वाट आखून दिली : आधी मध्यस्थ, मग तथ्यशोधन (तटस्थ माणसाने दोन्ही बाजू तपासून शिफारस करणं), मग १० दिवसांची नोटीस देऊन संप. सिनेट बिल ५ने ती मोडलीच, वर संपाच्या दर दिवसाला दोन दिवसांचा पगार कापायची तरतूद. आणि वर्गात मुलं किती, हा विषयच वाटाघाटीतून बाद! पस्तीस वह्या तपासणारीला तरी विचारा.

हिशेबी : मॅडम, वर्गसंख्येचं तुमचं म्हणणं रास्त आहे. पण नोटीस मिळाली तरी दोघं नोकरी करणाऱ्या आईबापांनी मुलं ठेवायची कुठे? शिक्षकांनाही पोलिसांसारखा लवाद द्या, त्याच्या खर्चाला मर्यादा घाला. शाळा बंद पाडायचा हक्क मात्र मला मान्य नाही.