जकात गेली, तिच्याबरोबर राज्याचा अधिकारही गेला का?

परळवासी:
1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला आणि त्याच दिवशी मुंबईची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा पालिकेचा कर, संपली. करांचा गुंता कमी झाला, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप निर्णयाचा अधिकार कुठे गेला, यावर आहे. या कराचे दर सुचवणाऱ्या, केंद्र व राज्यांच्या मिळून बनलेल्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आहे, उरलेले दोन तृतीयांश सर्व राज्यांत सारखे वाटलेले आहे आणि ठराव संमत होण्यास तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे देशातली सगळी राज्ये एका बाजूला उभी राहिली, तरी केंद्राने विरोध केल्यास ती एकाही वस्तूचा दर बदलू शकत नाहीत. महाराष्ट्राच्या एकट्याच्या मताचे वजन तर सव्वादोन टक्क्यांनाही पोहोचत नाही. शिवाय केंद्राच्या उपकर-अधिभारांचे, म्हणजे मूळ करांवर लावलेल्या जादा करांचे, उत्पन्न राज्यघटनेच्या अनुच्छेद 270 नुसार राज्यांशी होणाऱ्या वाटपातून वगळलेले आहे. आपल्याला कर लावणाऱ्या विधानसभेला आपण जाब विचारावा, यासाठी घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूची, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयांची यादी, वेगळी ठेवली होती. दर ठरवणे आमदारांच्या हाती नसेल, तर त्यांना विचारायचे तरी काय?

ट्रकमालक, मुलुंड:
आपल्या मांडणीत जकात नाक्यावर ताटकळणारा माणूस कुठेच दिसत नाही. भिवंडीच्या गोदामातून रात्री दहाला सुटलेली माझी गाडी कित्येकदा पहाटेपर्यंत शहराच्या वेशीवर रांगेत उभी असे. चालक मांडीवर बिलांची चळत घेऊन पेंगत बसे, क्लीनर पावतीसाठी खिडकीशी उभा राही. तपासणी निघाली की ताडपत्री सोडायची, खोकी मोजून द्यायची आणि पुन्हा दोरखंड आवळायचे. पावसाळ्यात वरच्या थरातला माल भिजला, तर भुर्दंड आमच्याच माथी. आज तीच गाडी न थांबता शहरात शिरते. ज्या अधिकाराची किंमत आम्ही रात्र-रात्र जागून मोजली, तो गेल्याचे दुःख मला होत नाही.

शिक्षिका, वडाळा:
मला परळवासींच्या मूळ गृहीतकावरच हरकत आहे. मुद्रांक शुल्क, मद्यावरील कर, पेट्रोल-डिझेलवरील मूल्यवर्धित कर हे आजही राज्याकडेच आहेत. तेव्हा विचारण्यासारखे पुष्कळ उरले आहे. केंद्रीय करांचे वाटप सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्यापैकी महाराष्ट्राला 6.317 टक्के दिले, यावरून अन्यायाची ओरड होते. पण मुंबईत भरला जाणारा कर मुंबईतच कमावलेला असतो असे नाही. कंपनीचे मुख्यालय नरिमन पॉइंटला असते, कारखाना आणि गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यांत असतात. आणि अधिकार खाली यावेत असे वाटत असेल, तर ते मंत्रालयात का अडतात? 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी 18 विषय नोंदवले, ते सोपवणे मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिले. मार्च 2022 मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ या शहराला एकही नगरसेवक नव्हता. दिल्लीकडे मागायचे आणि पालिकेला द्यायचे नाही, हे मला पटत नाही.

परळवासी:
वाहतूकदारांचे म्हणणे मी मान्य करतो. नाके पुन्हा यावेत, असे मला मुळीच वाटत नाही. मुख्यालयाचा मुद्दा प्राप्तिकराला लागू पडतो, जीएसटीला नाही, कारण तो माल जिथे वापरला जातो त्या राज्याच्या पदरात पडतो. त्यामुळेच माल बनवणाऱ्या राज्यांना धास्ती होती आणि त्यांना पाच वर्षांची भरपाई द्यावी लागली. ती जून 2022 मध्ये संपली. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितले खरे, पण एखाद्या राज्याने वेगळा दर लावला तर राज्याराज्यांतून जाणाऱ्या मालावरच्या कराची अख्खी साखळीच तुटते, म्हणून ते स्वातंत्र्य कागदावरच राहते. पालिकेविषयीचे आपले बोलणे मात्र माझ्याच बाजूचे आहे. जकात पालिका स्वतः गोळा करत होती. आता तिला दरमहा राज्याच्या भरपाईची वाट पाहावी लागते. राज्याचे दिल्लीपुढे जे झाले, तेच पालिकेचे राज्यापुढे झाले.

शिक्षिका, वडाळा:
मग जीएसटीतला ठरावीक हिस्सा थेट पालिकेला मिळावा, ही मागणी आधी विधानसभेत करा. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. राज्याने आपल्या वाट्यातून तो कायद्याने बांधून दिला की पुरे.