केस मुळासकट निघताहेत, शांपू बदलू की तेल?

अवनी_प
लवकर सांगा प्लीज. तीन आठवड्यांपासून केस भयंकर गळताहेत. मोरीच्या जाळीत पुंजका, उशीवर केस, काल तर कणकेत सापडला. नुसते तुटत नाहीत, मुळासकट येताहेत. टोकाला पांढरं मूळ स्पष्ट दिसतं. म्हणजे ती जागा कायमची गेली ना? दोन शांपू बदलले, बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या, काडीचा फरक नाही. फेब्रुवारीत भावाचं लग्न आहे. कोणता शांपू आणि कोणतं तेल, एवढंच सांगा.

डोंगरवाट
वय? पाणी नळाचं की बोअरचं? सगळीकडून विरळ होताहेत की एकाच जागी रुपयाएवढा चट्टा? चट्टा असेल तर ती चाई असू शकते, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

तन्मय_के
बोअरचंच पाणी असणार. आम्ही नव्या सोसायटीत टँकर-बोअरवर आलो आणि बायकोचे केस झाडूसारखे झाले. शॉवरला फिल्टर लावा, महिन्यात फरक दिसेल.

कोकणातली_आजी
बाळा, शांपू सोडून दे. शिकेकाई-रिठे उकळून त्याने न्हा. आदल्या रात्री खोबरेल कोमट करून टाळूला जिरव. मला पासष्ट पूर्ण झाली, वेणी अजून कमरेखाली आहे.

अवनी_प
वय २९. पाणी महापालिकेचं, लहानपणापासून तेच. चट्टा नाही, पण भांग रुंद दिसायला लागलाय. आजी, तेल लावते तेव्हा तर जास्तच गळतात हो.

लॅबवाली_सुमा
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, हे प्रश्न रोज ऐकते. अवनी, ते पांढरं दिसतं ते मूळ नव्हे. विश्रांतीला गेलेल्या केसाच्या बुडाशी तशी गाठ तयार होते. केस उगवतो तो खळगा कातडीतच राहतो आणि त्यातून नवा केस येतो. जागा गेलेली नाही, घाबरू नकोस.

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि पुढचे तीनेक महिने तो नुसता अडकून राहतो. मग गळतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच. तेल चोळताना जास्त येतात ते हे आधीच सुटलेले.

म्हणून शांपूचं नंतर बघू. दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, कडक डाएट?

तन्मय_के
पण पाण्याचं काय? आमच्याकडे फिल्टरने फरक पडला तो खोटा का?

लॅबवाली_सुमा
खोटा नाही. क्षार केसावर बसतात. केसाचं बाहेरचं आवरण कौलांसारखं असतं, एकावर एक चढवलेलं. ती कौलं उचकटली की केस राठ होतो, गुंततो, मधूनच तुटतो. पण तुटलेल्या केसाच्या टोकाला गाठ नसते. हिच्या केसांना आहे. तुमचा त्रास वेगळा, हिचा वेगळा.

नवी_आई
विषय निघालाच आहे तर, बाळाचं जावळ काढलं की केस दाट येतात का? सासूबाई मागे लागल्यात.

कोकणातली_आजी
येतात तर! माझ्या दोन्ही मुलांचे आले.

लॅबवाली_सुमा
आजी, न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, वस्तऱ्याने ते बोथट होतं, म्हणून हाताला जाड लागतो. वस्तरा मुळापर्यंत पोचत नाही. रीत म्हणून जावळ जरूर काढा. तुमची वेणी लांब आहे ती तुमच्या केसांचा वाढीचा काळ मोठा म्हणून. महिन्याला साधारण एक सेंटीमीटर हा वेग.

कोकणातली_आजी
म्हणजे पन्नास वर्षं तेल लावलं ते फुकट?

लॅबवाली_सुमा
अजिबात नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं, न्हाताना केस फुगून प्रथिनं निघून जातात ते कमी होतं. म्हणून वेणी टोकापर्यंत टिकली. तेल केस जपतं, उगवत नाही. अवनीनेही न्हाण्याआधी लावावं. ओले केस विंचरू नयेत, तेव्हा ते सर्वांत कमजोर असतात.

अवनी_प
ऑगस्टच्या शेवटी डेंग्यू झाला होता, पाच दिवस अ‍ॅडमिट होते. पण ते केव्हाच बरं झालं. आता डिसेंबर उजाडला. त्याचा इथे काय संबंध?

डोंगरवाट
अगं हे आधी सांगायचं ना!

लॅबवाली_सुमा
तोच संबंध. जोराच्या तापात खूप केस एकदमच वाढ सोडून विश्रांतीला जातात आणि तीनेक महिन्यांनी एकदम गळतात. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर, मोजून बघ. माझंही टायफॉइडनंतर असंच झालं होतं, चौथ्या महिन्यात गळणं कमी झालं. सहसा सहा महिन्यांत थांबतं. फेब्रुवारीपर्यंत पूर्वीसारखे दाट होणार नाहीत, खोटं आश्वासन देत नाही. भांग बदलून पाड.

तरी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपास. बायोटिन चालू असताना थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. निदान दोन-तीन दिवस आधी बंद कर आणि रक्त घेणाऱ्यांना तसं सांग.

तन्मय_के
कांद्याचा रस कोणी सुचवला नाही अजून?

डोंगरवाट
माझ्या टाळूची आग आग झाली होती त्याने. नको.

अवनी_प
बायोटिन बंद केलं, गुरुवारी रक्त देतेय. आत्ता आरशात पाहिलं तर कपाळाच्या कडेला बारीक उभे केस आहेत. हे तुटलेले का?

लॅबवाली_सुमा
उजेडात टोक बघ. बोथट की निमुळतं?

अवनी_प
सात-आठ बघितले. सगळे निमुळते.