सेप्टिक टँकचा उपसा दर तीन वर्षांनी सक्तीचा करावा का?

मार्वेकर (धागाकर्ता)

आमची सोसायटी मालाडच्या मार्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला. १९८७ सालची, चार मजली, ४४ बिऱ्हाडं. पालिकेची मलवाहिनी आमच्या दारापर्यंत आलेलीच नाही, त्यामुळे सगळा भार सेप्टिक टँकवर. गेल्या महिन्यात तळमजल्याच्या दोन घरांत संडासातून पाणी उलटं यायला लागलं, तेव्हा कमिटीला टाकीची आठवण झाली. पण ती आहे कुठे, हे एकालाही सांगता येईना. शेवटी जुन्या वॉचमनला त्याच्या गावी फोन लावला. तो म्हणाला, तुळशीच्या कुंडीपासून चार पावलं, स्कूटर लावतात तिथे. पेव्हर ब्लॉक उचकटले तर खाली झाकण निघालं, त्यावर कुणीतरी सिमेंट फिरवलेलं.

झाकण फोडून बांबू घातला. वर साय धरावी तसा जाड थर, मध्ये थोडं पाणी आणि मग बांबू टणकन अडला. शेवटचा उपसा कधी झाला त्याची नोंद नाही. जुन्या फायलीत २००९ ची एक पावती तेवढी सापडली.

दोन दर आले. टँकरवाल्याने तीन फेऱ्यांचे १८ हजार सांगितले. वर "तळाला घट्ट बसलेलं आमच्या पाइपात येणार नाही" असंही बजावून गेला. दुसरा सात हजारात "एकदम लख्ख" करून देणार होता. त्याच्याकडे दोन पोरं, एक दोर, दोन बादल्या. रात्री अकरानंतर येतो म्हणाला. कमिटीतल्या पाचांपैकी तिघांनी सात हजारांना हात वर केला. मी आरडाओरडा केला म्हणून ते तूर्त थांबलंय.

माझा प्रस्ताव असा: मुंबईतल्या प्रत्येक सेप्टिक टँकची पालिकेकडे नोंद हवी, दर तीन वर्षांनी यंत्राने उपसा सक्तीचा हवा आणि पैसे मालमत्ता कराच्या बिलातून घ्यावेत. साताऱ्याजवळच्या वाईत २०१८ पासून असा वेळापत्रकाने उपसा चालतो, सिन्नरनेही तीच वाट धरली. आमचा हिशोब केला तर १८ हजार भागिले ४४ घरं भागिले ३६ महिने, म्हणजे घरटी महिना साडेअकरा रुपयेसुद्धा नाहीत. बोला.

चौदा_वर्षं_सेक्रेटरी

तुमच्या कमिटीला अक्कल नाही म्हणून मुंबईभर सक्ती? लिफ्टची तपासणी आहे, वर्षातून दोनदा आगीची यंत्रणा ठीक असल्याचा फॉर्म बी आहे, तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट आहे. आता टाकीत गाळ किती, ते बघायला आणखी एक साहेब येणार. प्रत्येक कागदाला सही लागते आणि सहीला काय लागतं, ते इथे लिहीत नाही.

शिवाय वाई कुठे आणि मुंबई कुठे! तिथे सगळं गाव एका दमात फिरून होतं. माणूस टाकीत उतरवू नये, हा कायदा आहेच. तो पाळा, संपलं.

वकिलीण_बोरिवली

कायदा आहेच म्हणता, तर तो काय म्हणतो तेही बघू. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यावरच्या बंदीच्या कायद्यातलं कलम ७ सांगतं की सुरक्षासाधनांशिवाय सेप्टिक टँक वा गटार साफ करायला कुणाला थेट किंवा आडून लावता येणार नाही. "आडून" हा शब्द सोसायट्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा. "पोरं ठेकेदाराची होती, आम्हाला काय माहीत" हा बचाव त्यामुळे लंगडा पडतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीची टाकी साफ करताना तिघे गेले. त्यांच्या बायकांना प्रत्येकी दहा लाख मिळावेत म्हणून उच्च न्यायालयात जावं लागलं, आदेश यायला २०२१ उजाडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई तीस लाख केली. आणि जानेवारी २०२५ मध्ये ज्या सहा महानगरांत माणसांकरवी गटारसफाई बंद करायला सांगितलं, त्यात मुंबई आहे. मार्वेकर, तुमच्या त्या तीन हातवाल्यांना हे वाचून दाखवा.

चौदा_वर्षं_सेक्रेटरी

मॅडम, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. एवढा कडक कायदा असून गोवंडीत तिघे गेलेच ना? मग आणखी एका नोंदवहीने काय थांबणार?

गाळमापे (निवृत्त अभियंता)

सेक्रेटरीसाहेबांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडं लांबेल.

टाकीत जड ते तळाला बसतं, तेल-चरबी वर तरंगते आणि मधलं पाणी जमिनीत मुरायला शोषखड्ड्याकडे जातं. तळाचा गाळ वाढत गेला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही, घाण पुढे सरकते, शोषखड्डा गच्च होतो आणि मग तळमजल्यावर उलटं येतं. मार्वेकरांकडे नेमकं हेच झालं. दोन-तीन वर्षांचा गाळ पातळ खिरीसारखा असतो, सक्शनचा पाइप तो सहज ओढतो. दहा-पंधरा वर्षं ठेवला तर तो दाबून घट्ट बसतो. मग पंप नुसताच घरघरतो आणि कुणीतरी म्हणतं, "एक माणूस खाली सोडा, फावड्याने सुटेल." माणूस टाकीत का उतरतो, तर गाळ यंत्राच्या हाताबाहेर गेलेला असतो म्हणून. २०१३ चा कायदा झाकण उघडल्यावर लागू होतो. तीन वर्षांची मुदत त्याच्या आधी लागते, म्हणून मी सक्तीच्या बाजूने आहे.

आता वायूचं. गाळात हायड्रोजन सल्फाइड अडकलेला असतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, आणि फावडं मारलं की एकदम सुटतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असेल तर नाकच बधिर होतं. "आता वास येत नाही, उतर" असं म्हणणारे मुकादम मी पाहिलेत. पेटता कागद आत टाकून बघणारेही पाहिलेत. कागद विझला नाही याचा अर्थ एवढाच की जळण्यापुरता प्राणवायू आहे. विषारी वायूबद्दल तो काही सांगत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडून बघणाऱ्याचंच तोंड भाजतं. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो. एकाच टाकीत दोन-तीन माणसं जातात ती अशी.

आणि ते "एकदम लख्ख" डोक्यातून काढा! टाकी घासूनपुसून काढायची नसतेच. तळाला थोडा जुना गाळ मुद्दाम ठेवतात, त्यातल्या जंतूंमुळे टाकी पुन्हा लवकर कामाला लागते. लादी दिसेपर्यंत उपसून घेणाऱ्या सोसायट्या पैसे मोजून माणूस मरणाच्या दारात पाठवतात.

मार्वेकर, तुमच्या टाकीत आधी वरून पाण्याचा जोरदार झोत मारून गाळ सैल करा आणि मग ओढा. सगळं एका दिवसात निघणार नाही. नाही निघालं तर नाही निघालं.

खाडीपलीकडची (गोराई)

दादा, तुम्ही लोक दर तीन वर्षांनी टँकर बोलवा म्हणता, पण तो यायचा कुठून? आमच्याकडे बोरिवलीहून माणसं येतात ती बोटीने. टँकरला भाईंदर-उत्तन करून वळसा घालावा लागतो. गावात शिरला तरी गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला ओट्यावर चढावं लागतं. टाकी माझ्या सासऱ्यांनी बांधलीय, अर्धी ओटीखाली. आता ओटी फोडू?

आणि भरतीला जमिनीतलंच पाणी टाकीत झिरपतं. रिकामी केली की चार दिवसांत परत भरलेली. पावसाळ्यात कुणी सक्ती करून उपसली तर खालच्या पाण्याच्या दाबाने तडकायची. तीन वर्षांचा दंडक मुंबईतल्या इमारतींना लावा, कोळीवाड्यांना नको. मलवाहिनी द्यायच्या वेळी आम्ही मुंबईत नसतो, बिल लावायच्या वेळी बरोबर असतो.

गाळमापे (निवृत्त अभियंता)

ताई, पावसाळ्याचं तुमचं शंभर टक्के बरोबर. उपसा मार्च ते मे मध्येच व्हावा. गल्लीचं मात्र तितकंसं खरं नाही. टँकर नाक्यावर ठेवून पाइपाला पाइप जोडत आडवं बरंच लांब नेता येतं, ओढ थोडी मंदावते इतकंच. सक्शनची खरी मर्यादा खोलीची असते आणि तुमची टाकी काही विहीर नाही. ओटीखालच्या झाकणाला माझ्याकडे उत्तर नाही. तिथे सरसकट नियम लावणं चूकच.

अंधेरीचा_आशावादी

मंडळी, कशाला एवढा काथ्याकूट? वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा अशी सात मलप्रक्रिया केंद्रं उभी राहतायत, मिळून दिवसाला २४६४ दशलक्ष लिटर. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. पाच-दहा वर्षांत सेप्टिक टँक हा शब्दच उरणार नाही.

मार्वेकर (धागाकर्ता)

केंद्र मालाडला होणार, वाहिनी माझ्या गेटशी कधी येणार ते सांगा. गेली अडतीस वर्षं "पुढच्या टप्प्यात" आहे.

पासवाला_गोवंडी

तुम्ही सगळे सोसायटीचंच बोलताय. आमच्या वस्तीत सार्वजनिक संडासाखाली टाकी आहे, शेकडो लोकांची. वस्तीतली संस्था महिन्याचे पास काढून चालवते. त्या पैशातून पाणी, वीज, सफाईवाला आणि राहिलंच तर उपसा. इथे गाळ तीन वर्षं थांबत नाही, काही महिन्यांत वर येतो. मालमत्ता कराचं बिलच आम्हाला येत नाही, तर तुमची योजना कुणाच्या बिलात घालणार?

दुसरं, टँकर भरून जातो कुठे ते कुणी विचारलं का? आम्हाला ठाऊक आहे. पहाटे नाल्यावर पाइप सोडलेला दिसतो. तो पावसाच्या पाण्याचा नाला, सरळ खाडीत. तुमच्या सोसायट्यांतला स्वच्छ, यांत्रिक, कायदेशीर मैला आमच्या दारात ओततात. नियम करायचाच तर आधी त्याचा करा.

वकिलीण_बोरिवली

पासवाल्यांचं म्हणणं धाग्यात सगळ्यात वर हवं होतं. कलम ३३ प्रमाणे सेप्टिक टँक यंत्राने साफ करण्यासाठी योग्य तंत्रज्ञान वापरणं हे स्थानिक संस्थेचं कर्तव्य आहे. सार्वजनिक संडासाचा उपसा पासाच्या पैशांवर ढकलणं मला तरी त्यात बसत नाही.

चौदा_वर्षं_सेक्रेटरी

नाल्यात ओतण्याबद्दल सहमत, पासवाले. टँकरवाल्याने मैला कुठे रिकामा केला त्याची पोच सोसायटीला द्यावी आणि ती दिल्याशिवाय पैसे सोडू नयेत. असा एकच नियम केलात तर मी पाठिंबा देतो, त्याला साहेब लागत नाही. मुदतीची सक्ती आणि करातून वसुली याला माझा विरोध कायम. कर एकदा लागला की टँकर येवो न येवो, तो निघत नाही.

गाळमापे (निवृत्त अभियंता)

पोच चालेल. पण मुदत नसेल तर पोच मागायची वेळ पंधरा वर्षांनी येईल, तेव्हा सेक्रेटरी दुसराच असेल.

चौदा_वर्षं_सेक्रेटरी

दुसरा मिळाला तर आजच देतो हो पद. मार्वेकर, तुमच्या टाकीचं काय झालं?

मार्वेकर (धागाकर्ता)

काल झालं. वकिलीणबाईंचा प्रतिसाद छापून सभेत वाचला, तिघांपैकी दोघांचे हात खाली आले. झोत मारणारी गाडी आणि टँकर दोन्ही आले, तीनच्या चार फेऱ्या झाल्या, २४ हजार गेले. तळाला अजून हातभर थर आहे, तो तसाच ठेवला. तळमजल्याचं पाणी उतरलं. पोच मागितली तर टँकरवाला हसला. म्हणाला, आजवर कुणी मागितली नव्हती.

चौदा_वर्षं_सेक्रेटरी

आणि झाकण? ते तरी उघडं ठेवलंत ना दिसेल असं?

मार्वेकर (धागाकर्ता)

आज सकाळी पेव्हर ब्लॉक परत बसले. स्कूटर कुठे लावायच्या म्हणतात.